दोन भूकंपांमधला काळ आणि 'आता पाळी आली' हा समज

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात जमीन जरा हलली की एक वाक्य हमखास कानावर येते: "किल्लारीला इतकी वर्षं झाली, आता पाळी आली." ३ एप्रिल २०२५ रोजी सांगोल्याजवळ २.६ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. पुष्कळांना तो कळलाही नसेल इतका लहान. पण धक्का लहान असो की मोठा, बोलणे फिरून त्या 'पाळी'वर येते, मोबाइलवर तारखा फिरू लागतात, आणि बातमीतही 'इतक्या वर्षांनी पुन्हा' असे शब्द येतात. दोन भूकंपांमधल्या काळाबद्दल संख्याशास्त्र नेमके काय सांगते, हे आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांपर्यंत नीट पोचावे या तळमळीने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. अर्धा सांगितला तर या विषयात गैरसमजच वाढतो, म्हणून शक्यतो काटछाट करू नये ही विनंती.

आधी तो 'पाळी'चा हिशेब तपासू. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. मधला काळ पावणेसव्वीस वर्षांपेक्षा थोडा अधिक. तेवढाच काळ पुढे मोजला तर २०१९ च्या मध्यावर तिसरा मोठा भूकंप व्हायला हवा होता. तो झाला नाही. हिशेब चुकण्याची कारणे साधी आहेत. दोन घटनांमध्ये अंतर एकच असते, आणि एका आकड्यावरून सरासरी ठरत नाही, मग त्या सरासरीच्या मागेपुढे किती फरक पडतो हे कुठून कळणार? दुसरे असे की या दोन घटना एका माळेतल्या नाहीत. कोयनेचे धक्के धरणाच्या जलाशयाशी जोडलेले आहेत; किल्लारी तिथून सुमारे तीनशे किलोमीटर पूर्वेला, दख्खनच्या जुन्या, स्थिर समजल्या जाणाऱ्या भूखंडाच्या पोटात आहे. दोघांना एका ओळीत लिहून वजाबाकी करणे म्हणजे पंढरपूरच्या पुराची आणि मुंबईच्या भरतीची तारीख वजा करण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्दा. भूकंप एकमेकांशी संबंध नसताना, पण ठरावीक सरासरी वेगाने घडत असतील, तर त्यांच्यामधली अंतरे कशी दिसतील? सोलापुरात यंत्रमागावर पाळी केलेल्या माणसाला हे पटकन समजेल. समजा आठ तासांच्या पाळीत ताण्याचा धागा सरासरी वीस वेळा तुटतो, म्हणजे सरासरीने दर चोवीस मिनिटांनी एकदा. म्हणून गाठ मारून माग सुरू केल्यावर कोणी घड्याळ लावून चोविसाव्या मिनिटाची वाट पाहत नाही. कधी दोन मिनिटांत पुन्हा तुटतो, कधी तासभर माग अखंड चालतो. तासभर चालला म्हणून पुढच्या मिनिटाला तुटण्याची शक्यता वाढत नाही. ती जेवढी होती तेवढीच राहते. संख्याशास्त्रात याला पॉयसन प्रक्रिया म्हणतात आणि त्यातल्या अंतरांच्या वाटणीला घातांकी वितरण.

या वितरणाचे आकडे लोकांच्या अंदाजापेक्षा फार वेगळे असतात. सरासरी अंतर ३० वर्षे धरा. तरीही शंभरातली सुमारे ६३ अंतरे ३० वर्षांपेक्षा लहान निघतात. बरोबर मधले, म्हणजे निम्मी अंतरे ज्याच्या खाली आणि निम्मी वर येतात ते अंतर, सुमारे २०.८ वर्षांचे. तीन वर्षांच्या आत पुढची घटना होण्याची शक्यता साडेनऊ टक्के, आणि साठ वर्षांहून अधिक काळ काहीच न होण्याची साडेतेरा टक्के. यातले काहीही घडले तरी सरासरी ३० वर्षेच राहते. शेवटची घटना कालची असो की चाळीस वर्षांपूर्वीची, येत्या वर्षभरात पुढची होण्याची शक्यता दोन्ही वेळा सुमारे ३.३ टक्के. 'पाळी' या शब्दाला इथे जागाच नाही.

खरे भूकंप मात्र इतके सुटे सुटे नसतात. मागाच्याच भाषेत बोलायचे तर बीमचे सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ लावणे, एखाद्या पट्ट्यात नीट झाले नसेल, तर तेवढ्या वेळात तुटीवर तूट होते आणि मग बराच वेळ शांतता. भूकंपांच्या यादीत असे पट्टे ठळक दिसतात, कारण प्रत्येक मोठ्या धक्क्यामागून पश्चातधक्क्यांची रांग लागते. जपानी शास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९१ च्या नोबी भूकंपानंतरच्या नोंदी मोजून १८९४ मध्ये नियम मांडला: पश्चातधक्क्यांचा वेग काळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. उत्सू यांनी १९६१ मध्ये त्यात सुधारणा करून घातांक थोडा कमीजास्त होऊ शकतो हे दाखवले, पण तो बहुधा १ च्या आसपासच असतो. व्यवहारात याचा अर्थ असा: पहिल्या दिवशी दिवसाला शंभर धक्के हा वेग असेल, तर दहाव्या दिवशी दिवसाला दहा आणि शंभराव्या दिवशी एक. दिवस १ ते १० मध्ये जेवढे धक्के होतात, साधारण तेवढेच १० ते १०० या दिवसांमध्ये पसरून होतात. म्हणजे रांग संपत नाही, विरळ होत जाते. नोबीच्या पश्चातधक्क्यांचा वेग तर सुमारे शंभर वर्षे याच नियमाने घटत गेलेला दिसतो. महिनाभरानंतर 'धक्क्यांची मालिका सुरूच' अशी बातमी वाचून घाबरण्यासारखे नवे काही घडलेले नसते. अंतरे वाढत आहेत का, हे पाहायचे. पहिल्या दिवशी दोन तासांचे असलेले अंतर दहाव्या दिवशी वीस तासांवर गेले असेल, तर रांग नियमाने चालली आहे.

अंतरांची यादी घेतली की तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या सापडतात: पश्चातधक्क्यांमुळे आलेली पुष्कळ लहान अंतरे, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या मुख्य धक्क्यांमधली लांब अंतरे. १९७४ मध्ये गार्डनर आणि नोपॉफ यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या यादीतून पश्चातधक्के वेचून काढले आणि उरलेले धक्के पॉयसन प्रक्रियेसारखे आहेत का असा प्रश्न केला. त्यांच्या निबंधाचा सारांश एका शब्दाचा होता: होय. पुढे २००२ मध्ये पेर बाक आणि सहकाऱ्यांनी, २००४ मध्ये आल्व्हारो कोराल यांनी पश्चातधक्के न काढताच अंतरे तपासली. प्रत्येक प्रदेशातली अंतरे त्या प्रदेशाच्या सरासरीने भागली, तर वेगवेगळ्या प्रदेशांचे आणि वेगवेगळ्या तीव्रतांचे आलेख जवळजवळ एकाच वक्रावर येऊन बसतात, असे कोराल यांना दिसले. तो वक्र गॅमा वितरणाचा, म्हणजे घातांकी वितरणाच्याच थोड्या व्यापक रूपाचा; त्याचा आकार ठरवणारा घातांक सुमारे ०.६७, आणि तो १ असता तर वक्र घातांकीच झाला असता. हा वक्र खरोखर सार्वत्रिक आहे की यादीत पश्चातधक्के किती आहेत त्यावर बदलतो, यावर वाद झाला आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक पटते. पण घातांक १ पेक्षा कमी आहे यातच आपल्या कामाची गोष्ट आहे. त्याचा अर्थ, धक्का बसल्याबरोबर पुढच्या धक्क्याची शक्यता सर्वाधिक असते आणि मग ती उतरत जाऊन एका स्थिर पातळीवर टेकते. शांतता जितकी लांबली, तितकी पुढची वाटही सरासरीने लांबते. लोकांच्या मनातल्या 'पाळी'च्या हे अगदी उलट आहे.

तरीही काही भ्रंशांवर, म्हणजे खडकातल्या सरकणाऱ्या भेगांवर, भूकंप बऱ्यापैकी नियमित होतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे, आणि त्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण कॅलिफोर्नियातले पार्कफील्ड. सॅन अँड्रियास भ्रंशावरच्या या गावी ६ च्या आसपासचे भूकंप झाले ते १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये. वहीत वजाबाकी करून पाहा: २४, २०, २१, १२, ३२. बेरीज १०९, भागिले पाच, सरासरी २१.८. प्रमाण विचलन, म्हणजे अंतरे सरासरीच्या मागेपुढे साधारण किती पसरतात ते माप, ७.२. विचलनाला सरासरीने भागले की ०.३३ येते. हे गुणोत्तर शास्त्रात फार उपयोगी आहे: १ च्या जवळ असेल तर घटना यादृच्छिक, १ पेक्षा बरेच जास्त असेल तर घोळक्याने येणाऱ्या, १ पेक्षा बरेच कमी असेल तर नियमित. ०.३३ म्हणजे चांगलीच नियमितता. या आधारावर १९८८ च्या सुमारास पुढचा भूकंप होईल, आणि १९९३ उजाडण्याआधी तो होण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असे अधिकृत भाकीत केले गेले. गावाभोवती उपकरणांचे जाळे विणले. भूकंप झाला २८ सप्टेंबर २००४ रोजी. सहावे अंतर ३८ वर्षांचे निघाले. ते धरून सरासरी २४.५ होते, विचलन ९.२, गुणोत्तर ०.३८.

चूक कुठे झाली? पाच-सहा अंतरांवरून काढलेले हे गुणोत्तर बहुधा खऱ्यापेक्षा लहानच येते, कारण लांब अंतरे दुर्मीळ असतात आणि एवढ्या छोट्या यादीत ती सापडायची राहून जातात. शिवाय १९३४ चे १२ वर्षांचे अंतर त्रास देत होते, ते अपवाद मानून बाजूला ठेवण्याचा मोह झाला. नियमात न बसणारे अंतर बाजूला काढले की उरलेली यादी नियमित दिसणारच. सहा भूकंपांची सुबक यादी हाती असताना ही गत. आपल्याकडे किल्लारीसाठी एकही पुरे अंतर नाही.

कोयनेची यादी पाहिली तर घोळके उघड दिसतात. १९६७ मध्ये सप्टेंबरात ५ च्या वरचा धक्का आणि डिसेंबरात ६.३ चा. मग १९७३. मग १९८० च्या सप्टेंबर महिन्यात लागोपाठ मोठे धक्के. मग तेरा वर्षांनी १९९३ चा डिसेंबर आणि लगेच १९९४. मग २०००, २००५. यातले सोयीचे आकडे निवडून 'दर सहा-सात वर्षांनी' असा नियम कोणालाही बसवता येईल, आणि तो लगेच तुटेलही. कोयनेत आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात शिवाजीसागर आणि वारणेचा जलाशय भरतात, पुढे उतरतात, आणि धक्क्यांचा वेग पाण्याच्या पातळीबरोबर बदलतो. वेगच बदलता असेल तर बारा महिन्यांची मिळून एक सरासरी काढणे चुकीचे; पाणी चढतानाचे, भरल्यावरचे आणि उतरतानाचे महिने वेगळे मांडावे लागतात.

लहान धक्क्यांची मालिका म्हणजे मोठ्या भूकंपाची चाहूल का, हा प्रश्न किल्लारीने आपल्या मनात कायमचा पेरून ठेवला आहे. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात छोटे धक्के जाणवत होते, ऑक्टोबरात त्यातला मोठा झाला, मग ते ओसरले आणि अकरा महिन्यांनी ६.२ चा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. ही आठवण ज्या घरांत आहे, तिथे लहान धक्क्याची भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि तिची टिंगल कोणी करू नये. पण त्याच्या शेजारी पालघर ठेवून पाहावे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून हजारो छोटे धक्के नोंदले गेले, त्यांतून किल्लारीसारखा भूकंप झालेला नाही. धक्के सुरू असताना दोन्ही ठिकाणची अंतरे पाहून वेगळेपण सांगता आले नसते. कॅलिफोर्नियातल्या दीर्घ नोंदींवरून मध्यम धक्क्यामागून काही दिवसांत त्याहून मोठा होण्याचे प्रमाण साधारण वीसपैकी एक येते. वीसपैकी एक म्हणजे गाव रिकामे करण्याइतके नाही, पण भेगा पडलेल्या भिंतीखाली झोपण्याइतके कमीही नाही.

महाविद्यालयात संख्याशास्त्र किंवा भूगोल शिकणाऱ्या मुलामुलींनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. साधे स्प्रेडशीट पुरते. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी संकेतस्थळावर मिळते. वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता हे रकाने असतात. पहिली ठेच वेळेच्या रकान्यात लागते. किल्लारीचा भूकंप आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. जागतिक प्रमाणवेळेत तो २९ सप्टेंबरच्या रात्री १० वाजून २६ मिनिटांचा आहे. कोयनेचेही तसेच, आपला ११ डिसेंबर म्हणजे तिकडचा १० डिसेंबर. दोन ठिकाणच्या याद्या जोडताना एकच भूकंप दोन तारखांना दोनदा बसतो. अंतरांच्या रकान्यात जवळजवळ ५ तास ३० मिनिटे हा आकडा पुन्हा पुन्हा दिसू लागला, की हीच चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

मग किमान तीव्रता ठरवायची. ०.१ च्या टप्प्यांनी धक्के मोजा. लहान तीव्रतेकडे जाताना संख्या वाढत वाढत एका जागी शिखर गाठते आणि मग घसरते. घसरते ती धक्के कमी होतात म्हणून नव्हे, यंत्रांना ऐकू येत नाहीत म्हणून. शिखराच्या तीव्रतेत ०.२ मिळवा आणि त्याखालचे सगळे वगळा. हे केले नाही तर नवे भूकंपमापक केंद्र सुरू झाल्याच्या वर्षापासून 'भूकंप वाढले' असा खोटा निष्कर्ष निघतो. किल्लारीनंतर भूकंपमापक केंद्रे वाढली, त्यामुळे आपल्या भागात हा धोका खराच आहे. तीव्रतेची एक पायरी चढली की संख्या साधारण दहापट घटते, हा गुटेनबर्ग-रिश्टर नियम. ३ च्या वरचे धक्के सरासरी दोन महिन्यांनी येत असतील, तर ४ च्या वरचे वीस महिन्यांनी आणि ५ च्या वरचे दोनशे महिन्यांनी. म्हणून 'सरासरी अंतर' सांगताना कोणत्या तीव्रतेच्या वरचे, हे न सांगणे म्हणजे काहीच न सांगणे.

आपल्याकडे सुरुंगांचाही प्रश्न आहे. खडी क्रशर, दगडखाणी, विहिरीच्या खोदाईतले स्फोट यंत्रावर लहान धक्क्यासारखे उमटतात. दिवसाच्या २४ तासांत धक्के कसे वाटले गेले आहेत ते पाहा. खरे लहान धक्के रात्री जास्त नोंदले जातात, कारण रात्री रहदारीचा गोंगाट नसतो. दुपारी उंचवटा दिसला तर ते सुरुंग.

पश्चातधक्के काढायला गार्डनर-नोपॉफ यांची खिडकी, म्हणजे अंतराची आणि काळाची मर्यादा, सोपी: ४ तीव्रतेच्या धक्क्यानंतर ३० किलोमीटर आणि ४२ दिवस, ५ नंतर ४० किलोमीटर आणि १५५ दिवस, ६ नंतर ५४ किलोमीटर आणि ५१० दिवस. त्या आतले लहान धक्के त्या मोठ्याच्या खात्यावर टाकायचे. हे आकडे कॅलिफोर्नियाचे आहेत. आपल्यासारख्या स्थिर भूखंडात रांगा अधिक काळ चालतात, म्हणून खिडकी दुप्पट करूनही एकदा उत्तर तपासावे.

उरलेली अंतरे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि अमुक काळापेक्षा लांब अंतरे किती उरली याचा आलेख काढा, उभा अक्ष लॉगचा (प्रत्येक पायरीला दहापट होणारा) ठेवा. सरळ उतरती रेघ आली तर घातांकी वितरण. सुरुवातीला रेघ एकदम खाली पडली आणि मग सरळ झाली, तर पश्चातधक्के अजून शिल्लक आहेत. शेवटच्या धक्क्यापासून आजपर्यंतचा काळ 'पुरा झाला नाही' म्हणून टाकून देऊ नका. तो टाकला की सरासरी लहान होते आणि पुन्हा 'पाळी'चा भास सुरू होतो. एकूण काळ भागिले धक्क्यांची संख्या, हा सर्वांत सुरक्षित हिशेब. आणि सरासरी त्याच यादीतून काढून कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी (यादी एखाद्या वितरणाशी जुळते का हे तपासणारी) लावली, तर पुस्तकातला नेहमीचा तक्ता चालत नाही. तो वापरला तर न जुळणारे वितरणही जुळल्यासारखे दिसते. ही चूक विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत फार होते.

या सगळ्यातून तारीख निघत नाही, वेग निघतो. बांधकामाचे नियम वेगावर उभे असतात. १९९३ पूर्वी किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता; भारतीय मानकाच्या २००२ च्या सुधारणेत तो विभागच काढून टाकला गेला, आणि त्या मानकानुसार सोलापूर तिसऱ्या विभागात आले. किल्लारीत माणसे गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद कोसळून. तशी घरे बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे आजही उभी आहेत. त्यांच्या भिंतींना दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड आहेत का, माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेली माती उतरवता येईल का, हे पाहायला कोणत्याही तारखेची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणी एवढीच. धक्क्याची बातमी देताना भारतीय वेळ, केंद्राचे ठिकाण, तीव्रता आणि ती कोणी मोजली हे छापावे. हा धक्का नवा की आधीच्या मोठ्या धक्क्याच्या रांगेतला, तेही विचारून लिहावे. 'इतक्या वर्षांनी' हे शब्द मथळ्यात घेऊ नयेत. आणि धक्का ४ च्या वरचा असेल तर त्याच बातमीत चौकट टाकावी: भिंतीला नवी भेग दिसली किंवा माळवदाचे लाकूड सरकलेले दिसले, तर त्या घरात पहिला दिवस-रात्र आत जाऊ नये, आणि अभियंत्याने पाहिल्याशिवाय निदान दहा दिवस तिथे झोपू नये.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक, सोलापूर